हद्द कुणाची, जबाबदारी कुणाची? सीमाभागातल्या बाईनं तक्रार कुठं आणि कशी द्यायची

'इदु नम्म लिमिट अल्ल.'

कानडी न येणाऱ्यालाही बेळगावात चार दिवस राहिलं की हे वाक्य कळायला लागतं. हे आमच्या हद्दीत येत नाही. माझ्या मावसबहिणीनं ते एकाच आठवड्यात दोनदा ऐकलं. एकदा कानडीत, एकदा मराठीत.

तिचं माहेर बेळगावच्या पश्चिमेला, सासर गडहिंग्लज तालुक्यात. मध्ये राज्याची सीमा आहे, पण आमच्याकडच्या सोयरिकींनी ती कधी मानली नाही. चंदगड, आजरा, कागल, सावंतवाडी, खानापूर, निपाणी, हुक्केरी या सगळ्या पट्ट्यात लेकी इकडून तिकडं जातात आणि तिकडून इकडं येतात. एका रात्री मार इतका झाला की पहाटे चार वर्षांच्या मुलाला काखेला घेऊन ती बाहेर पडली. हातात साडीच्या दुकानाची कापडी पिशवी. पिशवीत मुलाचे दोन ड्रेस, त्याचा जन्मदाखला आणि तिचं आधार कार्ड. गडहिंग्लजहून संकेश्वरला येताना एसटीत सीमेपर्यंत अर्धं तिकीट लागलं. संकेश्वरला कर्नाटकची बस धरली. बाकीच्या बायका आधार दाखवून फुकट बसल्या. हिच्या आधारवर पत्ता सासरचा, म्हणजे महाराष्ट्रातला, म्हणून पूर्ण तिकीट काढावं लागलं. सुटे पैसे नव्हते. शेजारी बसलेल्या एका आजीनं ते भरले.

इथल्या पोलीस स्टेशनात सांगितलं, प्रकार सासरी झाला ना, मग तिकडं जा. दोन दिवसांनी भावाला घेऊन ती तिकडं गेली. तिथल्या साहेबांनी विचारलं, आता राहता कुठं? बेळगावला? मग तिथंच द्या की.

दोन्हीकडचं उत्तर चुकीचं होतं. का चुकीचं होतं, आणि त्यावर काय म्हणायचं असतं, ते कळायला आम्हाला तीन आठवडे लागले. दुसऱ्या कुणाला इतके लागू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

तीन वर्तुळं

आधी थोडं मागं जाऊन, कारण सरकार 'सुरक्षा' कशाला म्हणतं ते समजलं की पुढचं बरंच उलगडतं.

आपल्या बेळगावात 'बंदोबस्त' म्हटलं की डोळ्यांपुढं काय येतं? चन्नम्मा सर्कलवरचे बॅरिकेड, एक नोव्हेंबरची सायकल फेरी, डिसेंबरातलं अधिवेशन, जमावबंदीचा आदेश, सीमेवर अडवलेल्या गाड्या. बेळगाव कुठल्या राज्याचं, हा सीमाप्रश्न १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून धगधगतो आहे. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या काळात पोलिसांची एक सवय घडली आहे: सुरक्षा म्हणजे रस्ता, गर्दी, झेंडा, घोषणा.

राममनोहर लोहियांच्या अटकेच्या खटल्यात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी १९६० च्या दशकात एक चित्र मांडलं. एकात एक तीन वर्तुळं काढा. सगळ्यात बाहेरचं, सगळ्यात मोठं वर्तुळ कायदा आणि सुव्यवस्थेचं. त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं. त्याच्याही आत, सगळ्यात लहान, राज्याच्या म्हणजे देशाच्या सुरक्षेचं. प्रत्येक गुन्ह्यानं बाहेरचं वर्तुळ मोडतं, पण म्हणून आतली दोन मोडतात असं नाही. हे चित्र नागरिकाच्या बाजूनं होतं. साध्या भांडणाला देशाच्या सुरक्षेचा प्रश्न ठरवून सरकारनं कुणालाही बिनखटला डांबू नये, असा त्याचा रोख.

आता याच चित्रात आपली बाई शोधा. नवऱ्यानं मारलं, दिरानं अंगावर हात टाकला, गल्लीतला पोरगा रोज पाठलाग करतो: हे सगळं बाहेरच्या मोठ्या वर्तुळात येतं. यंत्रणेचं लक्ष मात्र आतल्या दोन वर्तुळांवर. जिथं शंभर माणसं जमतात तिथं गाडी जाते, जिथं एक बाई रडते तिथं 'घरातलं आहे, मिटवून घ्या'.

याचं सगळ्यात जळजळीत उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. डिसेंबर २०२३. शहराच्या एका अंगाला हलग्याजवळ सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू, राज्यभरातून आणलेले पोलीस शहरात. आणि दुसऱ्या अंगाला, काकतीच्या पुढं नव्या वंटमुरीत, ११ तारखेच्या पहाटे एका आईला घरातून ओढून काढलं, विवस्त्र करून खांबाला बांधलं, मारलं. कारण काय, तर तिचा मुलगा एका मुलीबरोबर पळून गेला होता. बघणारे पुष्कळ होते, मदतीला धावणारे मोजके. कर्नाटक उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती होते आपल्या निपाणीत जन्मलेले प्रसन्न वराळे. बघत उभ्या राहिलेल्या गावाला न्यायालयानं फार कडक शब्दांत सुनावलं. गावावर सामूहिक दंड बसवण्याचा विचारही बोलून दाखवला.

त्या रात्री जिल्ह्यात पोलीस कमी नव्हते, फक्त ते दुसऱ्या वर्तुळाभोवती उभे होते. माझ्या मते आपल्या भागातल्या धोरणाची खरी अडचण इथं आहे. कायदे कमी आहेत ही तक्रार मी करणार नाही. कायदे भरपूर आहेत आणि बरेचसे चांगलेही आहेत.

झिरो एफआयआर म्हणजे काय, आणि ती कधी पुरत नाही

१ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. त्याबरोबर पोलिसांनी कसं वागायचं ते सांगणारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. या दुसऱ्या संहितेचं कलम १७३ लक्षात ठेवा. आकडा पाठ नसेल तर हाताच्या तळव्यावर लिहून न्या. ते म्हणतं की दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर कुठल्याही पोलीस स्टेशनात देता येते, मग गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. यालाच लोक झिरो एफआयआर म्हणतात. पहिल्या स्टेशननं शून्य नंबर लावून नोंद करायची आणि कागद हद्दीतल्या स्टेशनला पाठवायचा. राज्य बदललं तरी नियम हाच. गुन्हा गडहिंग्लजचा आणि स्टेशन बेळगावचं, किंवा उलट, काहीही चालतं. पोलीस हा राज्याचा विषय असल्यानं दोन्हीकडची खाती वेगळी आहेत, पण फौजदारी कायदा दोघांनाही तोच.

खबर तोंडी दिली तरी चालते, ती लिहून घेणं पोलिसांचं काम. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. बलात्कार, विनयभंग, पाठलाग, ॲसिड हल्ला अशा प्रकारांत पीडित बाईची खबर महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तोही हक्क आहे. बलात्कार, ॲसिड हल्ला, विनयभंगासारख्या गंभीर गुन्ह्यांची खबर लिहून घ्यायलाच नकार दिला तर त्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते.

इथं एक बारकावा आहे. आम्हालाही तो उशिरा कळला. झिरो एफआयआर दिली की कागद सासरच्या बाजूला जातो. तपास तिकडं, साक्षी तिकडं, तारखा तिकडं. जी बाई जीव मुठीत धरून तिथून निघाली तिलाच पुन्हा तिथं खेटे घालावे लागतात. म्हणून सासरच्या छळाचा मामला असेल तर नुसती झिरो एफआयआर मागू नका. ९ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी रूपाली देवी खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की छळामुळं घर सोडून बाईनं जिथं आसरा घेतला, तिथल्या न्यायालयातही तिला केस चालवता येते. कारण साधं आहे. मार सासरी बसला तरी त्याची मानसिक यातना माहेरीही चालूच राहते, आणि मानसिक छळ हाही छळच. म्हणजे माझ्या बहिणीची तक्रार बेळगावात झिरो नंबरानं नव्हे, पुऱ्या नंबरानं नोंदवता येत होती. त्या दिवशी आम्हाला एवढं एक वाक्य माहीत असतं तर बरं झालं असतं: 'साहेब, मी आता इथं राहते, मला इथं त्रास होतोय, २०१९ च्या निकालाप्रमाणं इथंच केस घाला.'

नवरा आणि सासरच्यांचा छळ आता न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. जुनं ४९८ अ तेच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीनं चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात. म्हणून कुणी 'आधी चौकशी करतो' म्हटलं तर तेवढ्यावरून ते टाळाटाळ करताहेत असं समजू नका. पण पंधराव्या दिवशी उत्तर मागायला जा. एफआयआर झाली म्हणजे लगेच अटक होते हाही गैरसमज आहे. अर्नेश कुमार खटल्याच्या २०१४ च्या निकालापासून अशा गुन्ह्यात आपोआप अटक करता येत नाही. घरच्या मोठ्यांना याच गोष्टीची सगळ्यात जास्त भीती असते, 'पोराला आत टाकलं तर संसार मोडेल' म्हणून ते मुलीला थांबवतात. त्यांना हे समजावून सांगा.

पोलीस स्टेशननं ऐकलंच नाही तर? शहर आणि आजूबाजूची गावं असतील तर पोलीस आयुक्त, बाकीचा जिल्हा असेल तर पोलीस अधीक्षक. त्यांना पोस्टानं, रजिस्टरनं लेखी तक्रार पाठवायची. पावती जपून ठेवायची. त्यांनीही दखल घेतली नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो. हे टप्पे ओळीनं जायचे असतात, म्हणून ती पोस्टाची पावती पुढं फार कामाला येते.

सही कशावर केली?

आता भाषेचं. हा विषय आपल्याकडं निघाला की आवाज चढतात, म्हणून शांतपणे सांगते.

कर्नाटकात पोलिसांचं काम कानडीत चालतं. एफआयआर कानडीत लिहिली जाते. माझी बहीण मराठी शाळेत शिकली, तिला कानडी बोलता येतं थोडंफार, वाचता येत नाही. तिच्यापुढं कागद सरकवला आणि 'सही माडरी' म्हणाले. तिनं केली. नंतर एका ओळखीच्या वकिलानं वाचून दाखवलं तेव्हा कळलं की त्यात 'पती-पत्नीत किरकोळ वाद' असं लिहिलं होतं. डोक्यात पाट घातला होता, कानामागं टाके पडले होते, त्याचा उल्लेख नव्हता. आणि मुख्य म्हणजे तो कागद एफआयआर नव्हताच, नुसती अर्जाची पोच होती. एफआयआरला क्राइम नंबर असतो, कलमं लिहिलेली असतात. हे दोन नसतील तर आपल्या हातात फक्त पोच आहे.

कायदा इथंही बाईच्या बाजूला आहे. तोंडी खबर लिहून घेतली की ती तक्रारदाराला वाचून दाखवणं बंधनकारक आहे. कळत नसलेल्या भाषेत वाचून दाखवणं म्हणजे वाचून दाखवणंच नव्हे, तेव्हा मराठीत सांगा म्हणून आग्रह धरायचा. आपल्या स्टेशनांत मराठी जाणणारा एक तरी हवालदार असतोच. त्याहून चांगलं म्हणजे घरूनच मराठीत सविस्तर तक्रार लिहून न्यायची, दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं मांडायला देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो. कोर्टात साक्ष देतानाही मराठीत देता येते. नोंद कानडीत किंवा इंग्रजीत झाली आणि ती आपल्याला कळत नसेल, तर समजेल अशा भाषेत सांगा असं साक्षीदार म्हणू शकतो.

एक गोष्ट मनापासून सांगते. बाईच्या तक्रारीला भाषेच्या वादाचं खत घालू नका, कुठल्याच बाजूनं. 'मराठी बाईवर कानडी पोलिसांचा अन्याय' असं झालं की प्रकरण त्या आतल्या वर्तुळात जातं. तिथं कॅमेरे येतात, पुढारी येतात, बस बंद होतात, आणि ती बाई कोपऱ्यात राहते. २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या जिल्ह्यात बसमधल्या भाषेच्या भांडणावरून दोन्ही राज्यांच्या गाड्या काही दिवस अडल्या. त्या दिवसांत कुणाची कोर्टाची तारीख होती, कुणाला लेकीला भेटायला जायचं होतं, याची नोंद कुणी ठेवली नाही. आम्हाला पुढं खरी मदत केली ती एका कानडी महिला हवालदारांनी. त्यांनी स्वतः बहिणीजवळ बसून, मोडक्या मराठीत एकेक वाक्य विचारून जबाब पुन्हा लिहिला. टाक्यांवरून बोट न फिरवता, लांबूनच बघून, किती टाके ते मोजले आणि आकडा लिहिला.

नवऱ्याला आत घालायचं नाही, पण मार थांबवायचा आहे

दहातल्या आठ बायका हेच म्हणतात, आणि त्यांच्यासाठी वेगळा कायदा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. मला विचाराल तर सीमाभागातल्या बाईसाठी यासारखा उपयोगाचा कायदा दुसरा नाही.

तो फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा जाऊ, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी बाई, या सगळ्या त्यात येतात. हिंसा म्हणजे फक्त हात उगारणं नव्हे. शिव्या, टोमणे, पैसे अडवणं, दागिने काढून घेणं, लैंगिक जबरदस्ती हे सगळं त्यात आहे. हे शेवटचं मुद्दाम सांगते, कारण लग्नाच्या नात्यातल्या बलात्काराला आपला फौजदारी कायदा अजून बलात्कार म्हणत नाही. या कायद्यात मात्र त्यावर दाद मागता येते.

मॅजिस्ट्रेट काय देऊ शकतात? तिला मारू नको, तिच्या जवळ जाऊ नको असा संरक्षण आदेश. घरातून काढायचं नाही असा निवासाचा आदेश, घर तिच्या नावावर नसलं तरी. पोटगी, औषधपाण्याचा खर्च, मुलाचा ताबा, नुकसानभरपाई. अर्ज दिल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही ते ठाऊक आहे. म्हणून पहिल्याच अर्जाबरोबर अंतरिम आदेश मागायचा. प्रतिज्ञापत्रावर तो लगेच मिळू शकतो. आदेश मोडला तर तो गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि आता हद्दीचं. या कायद्याच्या कलम २७ प्रमाणं बाई कायमची किंवा तात्पुरती जिथं राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडं अर्ज चालतो. 'तात्पुरती' हा शब्द कायद्यातच आहे. माहेरी येऊन आठवडा झाला तरी पुरे. आणि बेळगावच्या कोर्टानं दिलेला आदेश गडहिंग्लजमध्येही लागू, कारण तो भारतभर अमलात येतो. इथं सीमा खरोखरच पुसली जाते.

अर्ज कोण लिहून देतं? संरक्षण अधिकारी. कर्नाटकात हे काम महिला आणि बालकल्याण खात्याच्या सीडीपीओंकडं, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडं आहे. हो, अंगणवाड्या बघतात तेच. पोषण आहार, अंगणवाडीच्या इमारती, योजनांची यादी, आणि वर हे. एवढ्या ओझ्याखाली घरगुती हिंसेची फाइल खाली जाते यात नवल नाही. या पदाला स्वतंत्र पूर्णवेळ माणूस मिळायला हवा. अधिवेशनासाठी शहर सजतं तेव्हा मला दरवर्षी ही रिकामी खुर्ची आठवते. पण आज आहे ती व्यवस्था वापरायची. गावातल्या अंगणवाडी टीचरना विचारलं तर सीडीपीओ ऑफिस कुठं आहे ते त्या सांगतात. तिथं घरगुती घटनेचा अहवाल भरून घेतात, त्याला डीआयआर म्हणतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणाकडं जा. बाईला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १९८७ चा कायदा तसं सांगतो. त्यांचा फोन १५१००.

अत्याचार झाला असेल तर पहिले चोवीस तास

इथं थोडक्यात लिहिते, कारण अशा वेळी कुणी लांबलचक वाचत नाही.

आधी दवाखाना. सरकारी असो की खाजगी, बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्याच्या पीडितेला लगेच मोफत उपचार देणं बंधनकारक आहे. नाही म्हणणं हा गुन्हा. 'आधी पोलीस केस आणा' असं दवाखाना म्हणू शकत नाही. उलट पोलिसांना कळवणं हे त्यांचं काम. अंघोळ करू नका, कपडे धुऊ नका, कपडे कागदी पिशवीत ठेवा. वैद्यकीय तपासणी तिच्या संमतीनंच, आणि खबर मिळाल्यापासून चोवीस तासांत. जबाबासाठी बाईला पोलीस स्टेशनात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं. तपास दोन महिन्यांत पुरा करायचा. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत तिला कळवायचं. तिचं नाव, गाव, फोटो छापणं किंवा व्हॉट्सॲपवर फिरवणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा. गावच्या ग्रुपवर सहानुभूतीनं फोटो टाकणाऱ्यांनाही तो लागू होतो. वंटमुरीनंतर आपल्याकडं किती जणांनी तो विचार केला असेल?

नुकसानभरपाई आरोपी सापडण्यावर अवलंबून नाही. ती जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणामार्फत सरकार देतं. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत बलात्कारासाठी चार ते सात लाख रुपये धरलेले आहेत. मागावे लागतात, आपणहून कुणी घरी आणून देत नाही.

फोन कुठं करायचा

तातडीला ११२. सीमेवरच्या गावांत मोबाईल कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी तिकडचा, आणि फोन पलीकडच्या राज्यात लागण्याची शक्यता असते. म्हणून पहिलं वाक्य हेच: राज्य कोणतं, तालुका कोणता, गाव कोणतं. मग काय झालं ते. बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, फोटो मॉर्फ करून धमकी किंवा ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३०.

जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' नावाचं केंद्र असतं. निर्भया निधीतून २०१५ पासून ही योजना चालू आहे. एकाच छताखाली डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशक यांची गाठ घालून देणं आणि पाच दिवसांपर्यंत मुक्कामाची सोय, असं त्याचं स्वरूप. पीडित बायकांना आधार देणारी कर्नाटकाची स्वतःची 'सांत्वन' योजना त्याहून जुनी, २०००-०१ पासूनची. नावांचा मात्र गोंधळ होतो, विशेषतः 'शक्ती' या नावाचा. कर्नाटकातली शक्ती म्हणजे ११ जून २०२३ पासूनचा मोफत बसप्रवास. केंद्राची मिशन शक्ती म्हणजे सखी केंद्रं, १८१, निवारागृहं या सगळ्यांची एकत्र मोट. आणि महाराष्ट्राचं शक्ती विधेयक विधिमंडळात मंजूर होऊनही राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं कायदा झालंच नाही. तेव्हा कोल्हापूरकडच्या पाहुण्यांनी 'शक्ती कायद्याखाली केस कर' म्हटलं तर त्यावर विसंबू नका.

कामाच्या ठिकाणचा त्रास ही वेगळी वाट आहे. निपाणीच्या तंबाखू वखारी, बिड्या वळणाऱ्या बायका, उद्यमबागेतले कारखाने, घरकाम करणाऱ्या मावशी, सगळ्यांना २०१३ चा कायदा लागू होतो. दहा किंवा जास्त माणसं असतील तर मालकानं अंतर्गत समिती नेमायची. त्याहून कमी असतील किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मुदत तीन महिने. निपाणीच्या बायकांनी वखारीतल्या मजुरीसाठी रस्त्यावर उतरून संघटना बांधली होती. त्यांच्या लेकी-सुनांना या समितीचं नावही कुणी सांगितलेलं नसतं, याचं मला वाईट वाटतं.

पंचांपुढं बसायचं की नाही?

गावाकडं दुसऱ्याच दिवशी दोन्हीकडची चार शहाणी माणसं बसतात. मी त्याच्या विरोधात नाही. काही घरं त्यामुळं सावरलीही आहेत. पण बैठकीला जायच्या आधी तीन कागद हातात असू द्या: दवाखान्याचा पेपर, पोलिसांत दिलेल्या तक्रारीची शिक्क्याची प्रत, आणि सीडीपीओकडचा डीआयआर. जखम भरून येते आणि मग सांगायला काही उरत नाही. माझ्या बहिणीच्या बैठकीत सासरचे म्हणाले, पडली होती परड्यात. तिनं पिशवीतून डिस्चार्जचा कागद काढून मध्ये ठेवला. त्यावर लिहिलेलं पाच टाके हे शब्द वाचायला कुणाला दुभाषा लागला नाही.

बैठक मोडली. आठवड्यानं तिनं इथंच अर्ज दिला. अंतरिम आदेश यायला तीन दिवस नव्हे, दीड महिना लागला, पण आला: नवऱ्यानं तिच्या किंवा मुलाच्या जवळ जायचं नाही आणि महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची. पहिले दोन महिने रक्कम आली नाही. तेव्हा आदेशाची प्रत घेऊन पुन्हा अर्ज केला, तिसऱ्या महिन्यापासून येते आहे. एफआयआर पुऱ्या नंबरानं नोंदली गेली आहे, तपास इथलेच पोलीस करताहेत, आणि त्यानंतर तिला एकदाही तिकडच्या स्टेशनात जावं लागलेलं नाही.

मुलगा इथल्या बालवाडीत जायला लागला. तिनं आधारवरचा पत्ता बदलून माहेरचा करून घेतला, त्यासाठी दोन चकरा माराव्या लागल्या. परवा तारखेला कोर्टात जाताना मी बरोबर होते. कंडक्टरनं कार्ड बघितलं आणि मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून दिलं. तिनं ते घडी घालून त्याच कापडी पिशवीत, आदेशाच्या प्रतीशेजारी ठेवलं.